थायरॉइडच्या कर्करोगात रोजची गोळी आणि रोजचं जगणं

नमस्कार, श्रोतेहो. मी कर्करोग विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. थायरॉइडच्या कर्करोगावर घरी राहून रोज घ्यायच्या गोळ्या असतात. त्या घेणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, यावर आज बोलायचं आहे.

आमच्याकडे एक मावशी यायच्या. साठी ओलांडलेल्या, खेड्यातून एसटीने येणाऱ्या. डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरं हाय." मुलगाही मान डोलवायचा आणि केसपेपरवर ‘तक्रार नाही’ असं लिहिलं जायचं. एकदा मी त्यांना चहा दिला, तर त्यांनी कप पदराने धरला. चहा काही तेवढा गरम नव्हता. मी म्हटलं, "मावशी, हात बघू." भाकरी थापताना तळव्यावर जिथे दाब येतो, नेमकी तिथली कातडी जाड आणि पिवळट झाली होती. कडा लालभडक, बोटांच्या पेरांवर चिरा. टाचांची तीच गत. दीड महिना त्यांनी भाकरीला हात लावला नव्हता. सुनेला सांगितलं होतं, "आता तूच कर, मला कंटाळा आलाय."

का नाही सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, "गोळी बंद करत्याल म्हणून."

श्रोतेहो, ही भीती मी कितीतरी घरांत पाहिली आहे. त्रास सांगितला तर औषध जाईल, औषध गेलं की आजार वाढेल, म्हणून गप्प सोसायचं. प्रत्यक्षात गप्प बसल्यानेच औषध हातचं जाण्याची वेळ येते.

थायरॉइडचे बहुतेक कर्करोग ऑपरेशनने आणि गरज पडली तर किरणोत्सारी आयोडीनच्या डोसने आटोक्यात येतात. पण काही जणांत आजार फुफ्फुसात किंवा हाडांत पसरतो आणि तिथल्या पेशी आयोडीन घेईनाशा होतात. आपण ‘आयोडीन लागू पडत नाही’ म्हणतो, ते हेच. तेव्हा या टार्गेटेड, म्हणजे कर्करोग वाढवणाऱ्या ठराविक संदेशांना अडवणाऱ्या गोळ्यांचा विचार होतो. २०१३ साली अमेरिकेत सोराफेनिबला या आजारासाठी मंजुरी मिळाली, २०१५ साली लेन्व्हॅटिनिबला. मेड्युलरी नावाच्या थायरॉइड कर्करोगाच्या एका प्रकारात, आणि इतरही काही रुग्णांत, आरईटी नावाच्या जनुकात बदल सापडला तर २०२० पासून सेल्परकॅटिनिब आलं आहे. ते मुख्यतः त्या बिघाडावर नेम धरतं, त्यामुळे पुष्कळांना तुलनेने सोसवतं. म्हणून गाठीची जनुकीय तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

सोराफेनिब आणि लेन्व्हॅटिनिब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखतात. पण ज्या संदेशांवर गाठीच्या रक्तवाहिन्या वाढतात, तेच संदेश आपल्या निरोगी रक्तवाहिन्यांनाही लागतात. म्हणून बीपी वाढतं, जुलाब होतात, तोंड येतं, तळहात-तळपाय सोलवटतात, माणूस गळून जातो. केमोसारखी सलाइनची सायकल इथे नसते. गोळी रोजची, त्यामुळे त्रासही रोजचा. तीन आठवड्यांतून चार वाईट दिवस काढणं वेगळं आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं झिजणं वेगळं. बाहेरून ते कुणाला दिसतही नाही.

लेन्व्हॅटिनिबच्या ज्या मोठ्या चाचणीवर ही मंजुरी मिळाली, तिच्यात ३९२ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांत आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ, म्हणजे निम्म्या रुग्णांत तोवर आजार सरकला नव्हता असा काळ, १८.३ महिने होता आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३.६ महिने. फरक मोठा आहे, आशा वाटावी असाच. पण त्याच चाचणीत सुमारे ६८ टक्के रुग्णांचा डोस कमी करावा लागला आणि ८२ टक्क्यांचं औषध मध्ये काही दिवस थांबवावं लागलं. सुरुवात २४ मिलिग्रॅमने होती, प्रत्यक्षात सरासरी पडली १७.२. म्हणजे तो १८.३ महिन्यांचा आकडा डोस कमी करत, थांबत, पुन्हा सुरू करत मिळालेला आहे. हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते. आणि मला खटकतं ते असं, की त्या चाचणीत रुग्णांच्या जगण्याच्या दर्जाची मोजदादच केली नव्हती. माणूस जेवतो का, झोपतो का, घरातलं काम करू शकतो का, हे कुणी प्रश्नावलीत विचारलं नाही. ते आता आपण विचारायचं.

म्हणूनच घाईने गोळी सुरू करणंही बरं नव्हे. फुफ्फुसात बारीक गाठी आहेत, पण वाढत नाहीत आणि रुग्णाला काही त्रास नाही, अशा वेळी डॉक्टर काही महिन्यांनी स्कॅन करत नुसती नजर ठेवतात. घरच्यांना वाटतं, उपचार टाळतायत. तसं नसतं. ते चांगले दिवस राखून ठेवणं असतं.

आता घरचं. बीपी बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच चढतं, तेव्हा घरात मशीन हवंच. हातापायांसाठी पहिल्या दिवसापासून युरियाचं मलम, सुती मोजे, घरातही मऊ चपला; कढत पाण्याने भांडी घासणं बंद. जुलाब लागले तर पेज, ताक-भात, ओआरएस आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी लगेच, तिसऱ्या दिवसापर्यंत वाट न बघता. दात काढायचा असेल तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारा, कारण या औषधांवर जखम लवकर भरत नाही. छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं, बीपी चढून डोकं भयंकर ठणकलं, तर त्याच क्षणी दवाखाना. थायरॉइड काढल्यावर लागणारी रोजची थायरॉक्सिनची गोळी मात्र चुकवू नका. या औषधांवर तिची गरज वाढू शकते, आणि मग जो थकवा आपण कर्करोगाच्या माथी मारतो तो टीएसएच, म्हणजे थायरॉक्सिन कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, वाढल्याचा निघतो.

पैशाचंही बोलते, कारण त्याचाही जीवाला घोर असतो. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी सोराफेनिबसाठी देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारक कंपनीच्या संमतीशिवाय औषध बनवायची परवानगी, नॅट्को कंपनीला दिला, तेव्हा महिन्याचं औषध सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आलं. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी झालेल्या त्या निर्णयाचा पुढे थायरॉइडच्या रुग्णांनाही आधार झाला. तरीही परवडत नाही म्हणून दिवसाआड गोळी घेणारे मला भेटतात. कुणी रागावणार नाही, पण आम्हाला सांगा. समाजसेवा विभागातून काही सोय होऊ शकते, आणि तुम्ही खरंच किती गोळ्या घेता ते कळल्याशिवाय स्कॅनचा अर्थ डॉक्टर कसा लावणार?

मावशींची गोळी तेव्हा दहा दिवस थांबवली. मग दिवसाला चारऐवजी दोन गोळ्यांवर पुन्हा सुरू केली. पुढच्या स्कॅनमध्ये आजार होता तिथेच होता. सुनेने एक वही घातली आहे: तारीख, बीपी, वजन, किती वेळा शौचाला जावं लागलं, काय खाल्लं. डॉक्टर आता आधी ती वही मागतात. गेल्या खेपेला वजनाच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं, ‘आज आत्यांनी दोन भाकऱ्या थापल्या.’