कारवान रिंगमध्ये उतरवताना

मंडळी, डॉग शो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाम्पू केलेली, रिबिनी बांधलेली कुत्री येतात. त्यांच्याविषयी मी आज बोलणार नाही. सोलापूर, लातूर, कोल्हापूरकडची बरीच मंडळी समोर दिसताहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या दारात कारवान, म्हणजे आपला देशी शिकारी कुत्रा, असणार. त्याला पहिल्यांदा रिंगमध्ये, म्हणजे परीक्षक कुत्री तपासतो त्या आखाड्यात, कसं उतरवायचं, एवढंच बोलतो.

आधी एक गैरसमज दूर करू. रिंगमध्ये शेजारचा कुत्रा तुमच्यापेक्षा देखणा आहे का, हे परीक्षक बघत नाही. त्या जातीचा आदर्श कुत्रा कसा असावा याचं एक लेखी मानक असतं, आणि समोरचा प्रत्येक कुत्रा त्याच्या किती जवळ जातो हे तो पाहतो. १८५९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला भरलेल्या प्रदर्शनात पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकारीचीच कुत्री होती. पुढची पिढी कोणाची घ्यायची, हा त्यामागचा प्रश्न. आपला कारवानही सशामागे धावणारा गडी. त्यामुळे खोल छाती, वर ओढलेलं पोट, लांब निमुळतं डोकं हे सगळं त्या धावण्याच्या हिशेबानेच बघितलं जातं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे, म्हणजे चेन्नईला, कुत्र्याची तुमच्या नावावर नोंदणी हवी, मायक्रोचिप हवी. प्रवेशिका शोच्या बऱ्याच आधी बंद होतात. सकाळी मैदानावर जाऊन नाव घालता येत नाही. फॉर्मवर जात ‘कारवान हाउंड’ अशीच लिहा. मुधोळकर मंडळी याच कुत्र्याला ‘मुधोळ हाउंड’ म्हणतात, ती यावर रात्रभर वाद घालतील, पण तो वाद फॉर्म भरून झाल्यावर घाला!

आता खरी अडचण. परक्याने अंगाला हात लावलेला कारवानला खपत नाही. तो चावराच असतो असं नाही, पण अंग चोरतो, मागे सरतो. आणि रिंगमध्ये तर अनोळखी माणूस समोरून येऊन थेट ओठ वर करतो. खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंडाचे दात बघतात ते वय ओळखायला. इथे बघायचं असतं ते वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसतात का, आणि दात पुरते आहेत का. मोठ्या कुत्र्याचे बेचाळीस. मग हात मानेवरून पाठीवर, मांड्यांवर जातो. नर असेल तर दोन्ही अंडकोश खाली उतरलेत का, हेही चाचपतात. तेवढ्यात कुत्रा खाली बसला, की सहा महिन्यांची मेहनत मातीत.

म्हणून पिल्लू लहान असतानाच सुरुवात करा. आधी तुम्ही स्वतः ओठ उचला, दोन सेकंदांत सोडा, लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्या. ते अंगवळणी पडलं की घरातली माणसं, मग शेजारी, मग दूधवाले काका. टोपीवाला, गॉगलवाला, कोट घातलेला, सगळे होऊन जाऊ देत. मात्र कुत्रा मागे सरला तर मानगूट धरून उभा करू नका. एकदा जबरदस्ती झाली की तो पुढच्या हाताचीही धास्ती घेतो. दोन पावलं मागे या, पुन्हा ओठांपासून सुरू करा.

चाल त्यामानाने सोपी. कुत्रा तुमच्या डाव्या हाताला, तुम्ही घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे तो कायम तुमच्या आणि परीक्षकाच्या मध्ये राहतो. दुडकी चाल हवी. कारवानला चौखूर उधळायची हौस फार, त्यामुळे नवखे लोक पट्टा ताणून धरतात. मग मान आवळली जाते आणि पुढच्या पायांची चाल बिघडते. पट्टा सैल ठेवा, तुमचा वेग कमी-जास्त करून त्याला दुडकीवर आणा. पायात घसरणारे बूट नकोत, खिशात खुळखुळणारी चिल्लर नको. आणि कृपा करून परीक्षकाकडे बघून हसत राहू नका, कुत्र्याकडे बघा.

एक चिठ्ठी आली आहे: “नसबंदी केलेला कुत्रा चालतो का?” जातीच्या रिंगमध्ये नाही चालत. मघाशी म्हटलं तसं, हा सगळा खटाटोप पुढची पिढी निवडण्यासाठी आहे. तुमच्या कुत्र्याची झाली असेल तर आज्ञापालनाच्या स्पर्धांची चौकशी करा. तिथे दात आणि पाठ कोणी मोजत नाही.