मृगाचा पाऊस आणि ५१२ अक्षरं

(दृश्य: वरुड तालुका. संत्र्याची बाग, बांधावर पर्जन्यमापक.)

मृग बहार धरणाऱ्याचा जीव जूनच्या पावसात अडकलेला असतो. या घरात तर रोजच्या पावसाची वहीच आहे. मुलगी संगणक पदविकेला, अभ्यासाला ८०८६ ची असेंब्ली, म्हणजे त्या प्रोसेसरची अगदी यंत्राजवळची भाषा. तिनं ठरवलं, जून ते सप्टेंबरचे १२२ आकडे मेमरीत मांडायचे आणि बेरीज काढायची.

(दृश्य: लॅपटॉप, शेजारी उघडी वही.)

दशांश नको म्हणून १२.४ मिलिमीटरचे १२४ केले, कोरड्या दिवसाला ०००. मग एक मॅक्रो लिहिला, म्हणजे नाव दिलेला, हाक मारली की उलगडणारा सूचनांचा गठ्ठा. त्याला हवे तेवढे आकडे द्या, आतलं 'फॉर' एकेक आकडा उचलतं, 'डीडब्ल्यू' या सूचनेनं सोळा बिटांत मेमरीत ठेवतं आणि दिवसांची मोजणी एकनं वाढवतं. लिहिलं झकास, पण मॅझमनं, म्हणजे असेंब्लीचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या असेंबलरनं, ते घेतलं नाही. तक्रार एकच: ओळ फार लांब.

मॅक्रोला हाक एकाच ओळीत, सगळे आकडेही त्याच ओळीत. दर आकड्याला तीन अंक, स्वल्पविराम, एक जागा. पाच गुणिले १२२ म्हणजे सहाशेच्या वर अक्षरं. मॅझमची ओळीची मर्यादा ५१२.

वडील वाकून पाहतात. "तुया ओळीत माया पाऊस मावत नाही वाटते."

सुचतो तो पहिला उपाय बॅकस्लॅशचा: ओळीच्या शेवटी तो टाका आणि खाली लिहीत राहा. दिसायला ओळी चार, पण मॅझम त्या जोडून एकच धरतो आणि ५१२ जोडलेल्या ओळीला लावतो. वाचायला बरं, एवढाच त्याचा फायदा.

(दृश्य: जुनं पंचकार्ड.)

ही तंगी जुनीच. आयबीएमचं कार्ड ८० रकान्यांचं. तिथल्या असेंब्लीत मजकूर ७१ व्या रकान्यापर्यंत, ७२ व्यात खूण केली की पुढचं कार्ड १६ व्या रकान्यापासून सुरू.

(दृश्य: पुन्हा लॅपटॉप.)

मग तिनं ओळ तोडायचा नाद सोडला आणि हाकच तोडली. जूनसाठी मॅक्रोला एक हाक, जुलैसाठी दुसरी, अशा चार. ३१ दिवसांची ओळ दीडशेच्या आसपास अक्षरांची, कुठंच अडत नाही. मेमरीत आकडे एकाला एक लागूनच बसतात, बेरजेच्या लूपला महिना कुठं बदलला हे कळतही नाही. पथ्य एकच: तक्त्याचं लेबल, म्हणजे मेमरीतल्या त्या जागेचं नाव, मॅक्रोबाहेर, पहिल्या हाकेच्या वर. आत ठेवलं तर दुसऱ्याच हाकेला तेच नाव पुन्हा आलं म्हणून मॅझम अडून बसतो.

मोजणी मात्र हाकांमधून चालू राहते: ३०, ६१, ९२, १२२. शेवटी तिनं एक तपासणी ठेवलीय, १२२ भरले नाहीत तर प्रोग्रॅम तयारच होऊ नये. वहीतला एखादा दिवस उतरवायचा राहिला, तर तो इथंच सापडतो.

बेरीज सोळा बिटांत राहते, म्हणजे ६५,५३५ पर्यंत, मिलिमीटरमध्ये साडेसहा हजार. वरुडला तेवढं पुष्कळ झालं. चेरापुंजीची वही असती, तर सोळा बिटही पुरले नसते.