पाच किलोच्या कुत्र्याचं माप

नमस्कार श्रोतेहो.

ज्याची जात विचारली की मालक जरा घुटमळतो, अशा कुत्र्याबद्दल आज बोलायचं आहे. कान एका जातीचे, केस दुसऱ्या जातीचे, वजन चार ते आठ किलो. मिश्र रक्ताचं पिल्लू काटक असतं, त्याला काही होत नाही, असं सर्रास ऐकू येतं. हे अर्धंच खरं आहे. एकाच जातीतल्या पैदाशीमुळे बळावणारे काही आनुवंशिक आजार त्याच्यात कमी दिसतात. पण दात, गुडघे, श्वासनलिका ही दुखणी लहान चणीबरोबर येतात, आणि आईबाप दोघंही लहान जातींचे असतील तर मिश्र पिल्लाचीही त्यातून सुटका नसते.

बहुतेक घोळ मापात होतो. नसबंदी झालेल्या, घरातच वावरणाऱ्या पाच किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 350 किलोकॅलरी पुरतात. कोरड्या खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 350 ते 400 किलोकॅलरी असतात. म्हणजे दिवसभराचं सगळं खाणं 90 ते 100 ग्रॅम. ते वाटीने किंवा मुठीने नका घालू, वजनकाट्यावर मोजा, कारण वाटीत दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर आपल्या लक्षातही येत नाही. खाऊ एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे 35 किलोकॅलरी. काडेपेटीएवढ्या चीजच्या तुकड्यात शंभराहून जास्त असतात. घरातल्या चार माणसांनी प्रेमाने एकेक तुकडा दिला, तर कुत्र्याचं दिवसभराचं जेवण वरच्यावर होऊन जातं आणि वाटी पुन्हा भरलेली असतेच! पाच किलोच्या कुत्र्याचं अर्धा किलो वाढणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो वाढणं. तळहात बरगड्यांवरून फिरवा. न दाबता बरगड्या हाताला लागायला हव्यात, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी.

विषारी पदार्थांनाही हेच माप लागू आहे. झायलिटॉल (साखरेऐवजी गोडव्यासाठी वापरतात तो पदार्थ) घातलेली एक-दोन च्युइंगम एवढ्याशा कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा हे सगळं त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. माणसांची वेदनाशामक गोळी तर अर्धीही देऊ नका.

आता दात, ज्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. लहान जबडा असो की मोठा, कायमचे दात 42 च. त्यामुळे लहान जबड्यात दाटी होते, फटींत अन्न अडकतं आणि हिरड्या लवकर बिघडतात. पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं की ओठ उचलून सुळे बघा. दुधाचा सुळा न पडता नव्या सुळ्याशेजारी तसाच उभा असेल, तर पशुवैद्याला दाखवा. बहुतेक वेळा तो काढावा लागतो, आणि नसबंदीच्या भुलीतच ते काम उरकता येतं. ब्रशची सवय हळूहळू लावायची. पहिले काही दिवस नुसतं बोट हिरडीवर फिरवायचं, मग बोटावर कुत्र्यांची टूथपेस्ट, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. माणसांची पेस्ट चालत नाही, कारण कुत्रा ती थुंकत नाही, गिळतो. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दातांची बाहेरची बाजू घासली तरी बरंच काम होतं. आतल्या बाजूसाठी तोंड उघडायची झटापट करून सगळी सवयच मोडू नका. मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, म्हणून ब्रश रोज हवा, आठवड्यातून एकदा फिरवून भागत नाही. कडक झालेला थर घरी खरवडायला जाऊ नका. खरा त्रास हिरडीखाली असतो, तिथे घरचं हत्यार पोचत नाही.

साखळी गळपट्ट्याला अडकवू नका, हार्नेस घ्या. लहान कुत्र्यांपैकी काहींच्या श्वासनलिकेची कूर्चेची कडी कमजोर असतात. मानेला हिसका बसला की बदकासारखा कोरडा, भोंगा वाजल्यागत खोकला येतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढा हार्नेस सैल ठेवा. घरी आल्यावर काढा आणि बगलेत केस झडलेत का तेही बघा.

चालता चालता मागचा एक पाय दोन-तीन पावलं उचलून धरला आणि मग काही झालंच नाही असा पळाला, तर ती लाडाची अदा समजू नका. बहुधा गुडघ्याची वाटी सरकत असते. त्याचा व्हिडिओ काढा, कारण तपासणीच्या टेबलावर कुत्रा हमखास नीट चालतो. सोफ्यापाशी उतरण लावा, वजन आटोक्यात ठेवा. शस्त्रक्रिया लागेल की नाही, हे वाटी किती सरकते आणि लंगडणं किती वाढतंय यावर ठरतं.

केसांचा अंदाज मिश्र पिल्लात लवकर बांधता येत नाही. पहिल्या वर्षात पोत बदलतो, मऊ लव जाऊन दाट, गुंतणारे केस येतात. कानामागे, बगलेत आणि पट्ट्याखाली आधी गुंता होतो. आंघोळीआधी गुंता सोडवा. ओला झाला की तो आवळतो आणि मग कात्रीशिवाय सुटत नाही. ब्रश वरवर फिरवून समाधान मानू नका. शेवटी धातूचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत अडखळल्याशिवाय गेला पाहिजे.

कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की आणखी एक मोजमाप सुरू करा. लहान कुत्र्यांत म्हातारपणी हृदयाची झडप गळायला लागणं नेहमीचं आहे, आणि खोकला येण्याआधी श्वास वाढू शकतो. गाढ झोपेत छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास धरून अर्धा मिनिट मोजा, आकडा दुप्पट करा. मिनिटाला 30 च्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त आला तर थोड्या वेळाने, तो शांत झोपलेला असतानाच पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा.