एकोमोदाचा खोटा ताळेबंद

(पडद्यावर: बोगोता शहर, डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या इमारती.)

२५ ऑक्टोबर १९९९. कोलंबियात आरसीएन वाहिनीवर एक नवी मालिका सुरू झाली, ‘यो सोय बेट्टी, ला फेआ’. मी बेट्टी, कुरूप बेट्टी. लेखक फेर्नांदो गाइतान. त्या वर्षी कोलंबियाची अर्थव्यवस्था चार टक्क्यांहून जास्त आकसली होती. बँका अडचणीत होत्या, घरांचे हप्ते थकत होते, नोकऱ्या जात होत्या. अशा दिवसांत गाइताननं प्रेमकथा मांडली ती एका कर्जबाजारी कंपनीच्या कचेरीत. मालिका लोकांच्या इतकी जवळ का गेली, याचं मोठं कारण मला इथे दिसतं. कर्ज, जप्ती, बुडीत धंदा हे विषय तेव्हा घराघरात जेवताना निघत होते.

एकोमोदा ही कपडे बनवणारी कंपनी. मालकी दोन घराण्यांची, मेंदोसा आणि वालेन्सिया. थोरले मेंदोसा निवृत्त होतात आणि अध्यक्षपदासाठी त्यांचा मुलगा आर्मांदो आणि वालेन्सियांचा दानिएल यांच्यात जुंपते. आर्मांदो काय करतो? वालेन्सियांच्याच मार्सेलाशी लग्नाची तारीख जाहीर करतो आणि तिचं मत खिशात घालतो. प्रेम आणि मतदान यांची गाठ सुरुवातीलाच बसते, ती पुढे सुटतच नाही.

बेट्टीचं पूर्ण नाव बेआत्रीस पिन्सोन सोलानो. अर्थशास्त्र शिकलेली, हिशेबात तल्लख. जाड चष्मा, दातांना तारा, कपाळावर चप्प बसवलेली झुलपं. योग्यतेची नोकरी कुणी देत नाही, म्हणून ती सेक्रेटरीच्या जागेसाठी येते, तीही अर्जाला फोटो न लावता. बसायला जागा मिळते ती अध्यक्षांच्या केबिनला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत. तिला खिडकी नाही. आत-बाहेर करायचं तर आर्मांदोच्या केबिनमधूनच.

ही खोली नीट बघा. बेट्टी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तिला तिथे बसवलेलं. पण कंपनीतलं प्रत्येक भांडण, प्रत्येक फोन, प्रत्येक थाप तिच्या कानावर पडते. वर्षभरात एकोमोदाची खरी अवस्था तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते.

(पडद्यावर: हिशेबाची वही, आकड्यांवरून फिरणारं पेन.)

अवस्था वाईट असते. आर्मांदोनं खर्च कमी दाखवण्यासाठी हलकं कापड घेतलेलं, माल पडून राहिलेला, बँकांची देणी वाढत चाललेली. संचालक मंडळाला कळलं तर खुर्ची जाणार. मग तो बेट्टीकडून खोटा ताळेबंद बनवून घेतो आणि दुसरी एक कंपनी उभी करतो, तेरामोदा. नावावर कोण? बेट्टी. तेरामोदानं एकोमोदाला पैसे पुरवले, आणि बँकांनी जप्ती आणण्याआधी एकोमोदावर पहिला बोजा तेरामोदाचाच चढला. दोन घराण्यांची सगळी मालमत्ता कागदोपत्री आता सेक्रेटरीच्या हातात.

इथे शिरतो निकोलास मोरा. तेरामोदाचा पैसा तो गुंतवतो, बेट्टीशी सारखा फोनवर बोलतो. आर्मांदोनं त्याला पाहिलेलं नाही. त्याच्या डोक्यात एक देखणा, कावेबाज माणूस उभा राहतो, जो बेट्टीशी लग्न करून एकोमोदा गिळणार. प्रत्यक्षात निकोलास म्हणजे बेट्टीचा शेजारी आणि शाळेपासूनचा मित्र. किडकिडीत, चष्मेवाला, नोकरी नसलेला आणि पिन्सोनांच्या घरी रोज पोटभर जेवणारा. पण न पाहिलेल्या माणसाचा धाक मोठा. पुढे ऑफिसातल्या मिरवणाऱ्या पात्रिसियालाही निकोलास दिसतो तो त्याच्या मर्सिडीजमधून, आणि गाडीच्या मोलावरून ती माणसाचं मोल ठरवून मोकळी होते.

आर्मांदोचा जिवलग मित्र मारिओ काल्देरोन यावर उपाय सुचवतो: बेट्टीला तूच प्रेमात पाड. आर्मांदोला किळस येते, तरी तो तयार होतो. मारिओ भेटकार्डं आणून देतो, चॉकलेटं आणून देतो. बाहेरगावी जाताना भेटवस्तूंची एक पिशवी आर्मांदोसाठी ठेवतो, सोबत सविस्तर पत्र: कोणतं कार्ड कधी द्यायचं, कसं बोलायचं, बेट्टीच्या रूपाची यथेच्छ टिंगल.

पत्र बेट्टीच्या हाती लागतं.

बेट्टी साकारणाऱ्या अना मारिया ओरोस्कोचा अभिनय इथे पाहावा. बेट्टी ओरडत नाही, जाब विचारत नाही. त्याच खोलीत बसून काम करत राहते. आर्मांदो नवं कार्ड ठेवतो, ती वाचते, आणि कार्ड कुठून आलंय हे तिला माहीत असतं, आपल्यालाही. त्याच दिवसांत आर्मांदो खरोखर तिच्यात गुंतू लागलेला असतो. त्याचं खरं बोलणं आणि मारिओनं पढवलेलं बोलणं यातला फरक ओळखण्याचं कोणतंही साधन तिच्याकडे उरलेलं नाही. वेशांतराच्या, जुळ्या भावंडांच्या कितीतरी मालिका आपण पाहिल्या. पण प्रियकराचा खरा चेहरा कोणता हा पेच इतक्या साध्या सामानातून कुणी क्वचितच उभा केला असेल. कार्डं, चॉकलेटं आणि एक पत्र.

मग संचालक मंडळाची बैठक. खरा ताळेबंद सगळ्यांसमोर येतो. त्यात बेट्टीचीही चूक आहे, कारण खोटे आकडे तिनंच लिहिले होते, आणि मालिका तिला त्यातून सोडवत नाही. ती बोगोता सोडते. कार्ताहेनाला कातालिना आंखेल या जनसंपर्क सल्लागाराबरोबर काम करते, तिथे तिचं राहणं-दिसणं बदलतं. परत येते ती थेट अध्यक्षाच्या खुर्चीत. तीच माणसं तिच्याकडे वळून बघत राहतात. हा भाग लोकांना सर्वात आवडतो. मला तो बैठकीपुढे फिका वाटतो. केस नीट झाले, चष्मा बदलला, पण कंपनी तिनं वाचवली ती आधीच्याच डोक्यानं.

(पडद्यावर: मुंबईतल्या कार्यालयीन इमारती, संध्याकाळची गर्दी.)

१ सप्टेंबर २००३ला हीच गोष्ट सोनी वाहिनीवर मुंबईत उतरली, ‘जस्सी जैसी कोई नहीं’. एकोमोदाचं झालं गुलमोहर, आर्मांदोचा झाला अरमान सूरी. जर्मनी, रशिया, मेक्सिको, अमेरिका यांच्या आवृत्त्या नंतरच्या. सासू-सुनांच्या मालिकांनी संध्याकाळ व्यापलेली असताना ऑफिसात बसून आकडेमोड करणारी नायिका आपल्याकडच्या नोकरदार मुलींनी मनापासून आपली मानली. वाहिनीनं एक गंमत केली: जस्सी साकारणाऱ्या मोना सिंगचा खरा चेहरा बरेच महिने लोकांना दाखवलाच नाही. पुढे कथेत जस्सी जेसिका बेदी या नावानं, नव्या रूपात गुलमोहरमध्ये वावरू लागली. बेट्टी स्वतःच्या नावानं परतली होती. जस्सीला दुसरं नाव घ्यावं लागलं, आणि तिथे मूळ कथेचा सच्चेपणा थोडा सैल झाला असं मला वाटतं.

गाइतान जानेवारी २०१९मध्ये गेले. २०१०मध्ये गिनेसनं त्यांच्या मालिकेची जगातली सर्वात यशस्वी तेलेनोवेला, म्हणजे लॅटिन अमेरिकी धाटणीची दैनंदिन मालिका, म्हणून नोंद केली होती. १९ जुलै २०२४ला प्राइम व्हिडिओवर पुढचा भाग आला, तेच ओरोस्को आणि आर्मांदो साकारणारे होर्खे एन्रिके आबेय्यो यांना घेऊन. त्यात लग्नाला वर्षं लोटली आहेत, संसार विस्कटला आहे, मुलगी मोठी झाली आहे. आणि एकोमोदा पुन्हा अडचणीत आहे.