वेळापत्रक छापण्याआधी पंचांग उघडा

मित्रहो, २०२३ च्या एकदिवसीय विश्वचषकाचं वेळापत्रक जाहीर झालं २७ जूनला. पहिला सामना होता ५ ऑक्टोबरला. हातात राहिले बरोबर १०० दिवस. त्याआधीच्या, इंग्लंडमधल्या २०१९ च्या विश्वचषकाचं वेळापत्रक २०१८ च्या एप्रिलमध्येच आलं होतं. लोकांना वर्षभराहून जास्त वेळ मिळाला होता. आपल्याकडे १०० दिवस मिळाले, आणि त्यातलाही दीड महिना सरतोय न सरतोय तोच, ९ ऑगस्टला, ९ सामन्यांच्या तारखा किंवा वेळा बदलल्या.

सगळ्यात गाजलेला बदल अहमदाबादचा. भारत-पाकिस्तान सामना रविवारी, १५ ऑक्टोबरला ठेवला होता. त्या दिवशी घटस्थापना होती. सुरक्षा यंत्रणांनी सांगितलं की हे जमणार नाही, आणि सामना एक दिवस आधी, शनिवारी १४ तारखेला आणला गेला.

हे का जमणार नव्हतं, ते नीट पाहू या, कारण 'सुरक्षेच्या कारणास्तव' एवढं वाचून आपण पान उलटतो. मोटेऱ्याच्या मैदानात १ लाख ३० हजारांच्या आसपास माणसं बसतात. दिवस-रात्र सामना दुपारी दोनला सुरू होतो आणि रात्री दहाच्या सुमाराला संपतो. पोलिसांचा दिवस मात्र पहाटेपासून सुरू असतो: कठडे लावायचे, रस्ते वळवायचे, प्रत्येक दरवाजावर झडती घ्यायची, दोन्ही संघांच्या हॉटेलांपासून मैदानापर्यंतचा रस्ता सांभाळायचा. आणि खरी कसोटी सामना संपल्यावर, कारण आत येताना माणसं तीन-चार तासांत विखरून येतात, बाहेर पडताना सगळी एकदम पडतात. नवरात्रात अहमदाबादमध्ये नेमकी हीच गरब्याची वेळ. शहरभर मैदानांवर, सोसायट्यांमध्ये, मोठ्या पटांगणांत माणसं नटूनथटून निघालेली असतात, त्यात मुली-बाळी, म्हातारीकोतारी सगळी. तेच पूल, त्याच रुग्णवाहिका, तोच पोलीस शिपाई. तो एका वेळी दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही.

म्हणून तारीख बदलण्याचा निर्णय बरोबरच होता, असं माझं ठाम मत आहे. चुकलं ते एवढंच की तो ऑगस्टमध्ये झाला. घटस्थापना १५ ऑक्टोबरला आहे हे जूनमध्ये ठाऊक नव्हतं का? त्या वर्षीची दिनदर्शिका तर जानेवारीपासून घरोघरी भिंतीवर टांगलेली होती. दरम्यान लोकांनी विमानाची तिकिटं काढली होती, अहमदाबादच्या हॉटेलांचे दर आकाशाला भिडले होते. जो माणूस वर्षभर पैसे साठवून एक सामना बघायला निघतो, त्याच्यासाठी एक दिवसाचा बदल म्हणजे दोन रात्रींचं भाडं आणि रजेचा नवा अर्ज.

शिवाय एक तारीख हलली की ती एकटी हलत नाही. पाकिस्तानचा आधीचा सामना हैदराबादला १२ तारखेला होता. भारताविरुद्धचा सामना १४ ला आल्यावर मधे पुरेसे दिवस राहिनात, म्हणून तो १० तारखेला नेला. पण हैदराबादमध्ये ९ तारखेला आधीच एक सामना होता. आता तिथल्या पोलिसांपुढे लागोपाठ दोन दिवस बंदोबस्त. त्यांनी अडचण मांडली, पण त्यापुढे तारीख हलली नाही. अहमदाबादचं ओझं असं हैदराबादच्या खांद्यावर गेलं. त्याच शहरात २९ सप्टेंबरला झालेला पाकिस्तान-न्यूझीलंड सराव सामना तर रिकाम्या मैदानात खेळवावा लागला, कारण गणेश विसर्जन आणि ईद-ए-मिलाद त्याच सुमाराला आले होते आणि प्रेक्षकांसाठी पोलीस उरले नव्हते.

त्याच आठवड्यात आपल्या महाराष्ट्रात काय झालं, आठवतंय? अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले होते. मुंबईत मुस्लिम समाजाने आपला जुलूस २९ तारखेला काढायचं ठरवलं आणि सरकारनं ईदची सुट्टीही २९ ला नेली. माणसं एकमेकांशी बोलली, एकानं एक दिवस सोडला, दोन्ही मिरवणुका सुखरूप पार पडल्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. धार्मिक मिरवणुकीला जे जमलं ते क्रिकेटच्या सामन्याला अवघड का जावं?

आता दिवाळीकडे येऊ. १२ नोव्हेंबरला, रविवारी, लक्ष्मीपूजन होतं. मूळ वेळापत्रकात त्या दिवशी दोन सामने होते, पुण्यात ऑस्ट्रेलिया-बांगलादेश आणि कोलकात्यात इंग्लंड-पाकिस्तान. दोन्ही ११ तारखेला आले. आणि भारत-नेदरलँड्स सामना, जो बंगळुरूमध्ये ११ तारखेला होता, तो उलट १२ ला, ऐन दिवाळीत गेला! भारतानं त्या दिवशी ४१० धावा केल्या आणि १६० धावांनी जिंकला.

एकच तिथी, पण कोलकात्यातून सामना हलवला आणि बंगळुरूमध्ये मुद्दाम आणून ठेवला. वरवर पाहता हे विसंगत वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. कोलकात्यात ती रात्र कालीपूजेची. मंडप, रोषणाई, रात्रभर रस्त्यावर माणसांचा पूर, आणि त्यामागे सगळं पोलीस दल. दिवाळी मात्र मुख्यतः घरातला सण. सकाळी अभ्यंगस्नान, संध्याकाळी पूजा, मग फराळाचं ताट घेऊन दूरदर्शन संचासमोर बसलेलं कुटुंब. घरात साजरा होणारा सण सामन्याला प्रेक्षक देतो. रस्त्यावर साजरा होणारा सण सामन्याकडून पोलीस, वाहनं आणि रस्ते मागून घेतो. सरकारी यादीत दोन्ही दिवशी 'सार्वजनिक सुट्टी' असंच लिहिलेलं असतं. म्हणून नुसती सुट्ट्यांची यादी पाहून भागत नाही, त्या त्या शहराला विचारावं लागतं.

कोलकात्याला तर वारंवार विचारावं लागतं. २०२४ च्या आयपीएलमध्ये तिथला १७ एप्रिलचा सामना रामनवमीमुळे एक दिवस आधी घेतला. २०२५ मध्ये ६ एप्रिलला पुन्हा रामनवमी, पुन्हा तिथलाच सामना, आणि तो ८ तारखेला ढकलला. सलग दोन वर्षं तोच सण, तेच मैदान आणि तीच धावपळ. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

बाहेरच्या जगात सुट्टीचा उपयोग कसा करून घेतात, तेही पाहण्यासारखं आहे. मेलबर्नचा बॉक्सिंग डे कसोटी सामना आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा, त्यावर फार बोलत नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी माणसं मोकळी असतात आणि २०१३ मध्ये पहिल्याच दिवशी ९१,११२ जण मैदानात होते. मला त्याहून इंडियानापोलिसची मोटार शर्यत विचार करायला लावते. अमेरिकेत हुतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस पूर्वी ३० मे हा ठरलेला होता आणि १९११ पासून शर्यत त्याच तारखेला व्हायची. पुढे ती सुट्टी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी गेली. १९७३ मध्ये शर्यत सोमवारी ठेवली होती; सुरुवातीलाच भीषण अपघात झाला, मग पाऊस, आणि शर्यत रेंगाळत बुधवारी उरकली, तेव्हा सुट्टी केव्हाच संपली होती. दुसऱ्या वर्षापासून शर्यत रविवारी ठेवू लागले. रविवारी पाऊस आला तर सोमवार हाताशी असतो, आणि त्या दिवशी लोकांना कामावर जायचं नसतं. सुट्टीचा असा राखीव दिवस म्हणून वापर आपल्या अंतिम सामन्यांनाही करता येईल.

अमेरिकेतच सुपर बोलचं प्रकरण वेगळ्या वळणाचं आहे. त्यांच्या फुटबॉलचा हा अंतिम सामना आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी होतो. रात्री उशिरापर्यंत जागरण आणि सोमवारी कामावर हजर. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार राष्ट्राध्यक्ष दिनाच्या सुट्टीचा असतो, म्हणजे बहुतेक वर्षी सामना आणि सुट्टी यांची एका आठवड्यानं चुकामूक होते. २०२७ मध्ये मात्र दिनदर्शिकाच अशी आहे की सामना १४ फेब्रुवारीला आणि सुट्टी १५ ला. दर वर्षी असं व्हावं म्हणून काय करायचं? हंगाम एका आठवड्यानं लांबवायचा. लीगचे प्रमुख रॉजर गुडेल यांनी २०२४ मध्ये हा विचार उघड बोलून दाखवला: प्रत्येक संघाचे साखळी सामने १७ वरून १८ करायचे, की अंतिम सामना आपोआप सुट्टीच्या आदल्या दिवशी येतो. इथे मी सावध होतो. प्रेक्षकाला सोमवारी झोपायला मिळावं हे मलाही पटतं, पण त्यासाठी खेळाडूनं आणखी एक सामना अंगावर घ्यायचा? त्या खेळात डोक्याला लागणारे मार किती गंभीर असतात हे आता कोणापासून लपलेलं नाही. सामने न वाढवताही हंगाम एक आठवडा उशिरा सुरू करता येतो. सुट्टीच्या नावाखाली जादा सामना विकायला माझा विरोध आहे.

कतारनं २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात एकाच तारखेनं दोन सण सांभाळले. अंतिम सामना १८ डिसेंबर, हा त्यांचा राष्ट्रीय दिन. आणि नाताळच्या आधी आठवडाभर जागा उरल्यामुळे इंग्लंडमधल्या लीगचे २६ डिसेंबरचे पारंपरिक सामनेही वाचले. मुख्य मुद्दा असा की ती तारीख २०१५ मध्येच पक्की झाली होती. बोलायला सात वर्षं होती.

आपल्याकडेही एवढा वेळ आहे, आणि तो आत्ता आहे. २०३१ चा एकदिवसीय विश्वचषक भारत आणि बांगलादेश मिळून भरवणार आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच. चंद्राचे ९९ महिने म्हणजे जवळजवळ आठ सौर वर्षं, त्यामुळे आठ वर्षांनी तिथ्या एक-दोन दिवसांच्या फरकानं पुन्हा त्याच तारखांवर येतात. २०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, २०३१ ची १४ नोव्हेंबरला आहे. नवरात्रही पुन्हा ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतं, आणि त्यातच कोलकाता-ढाक्याची दुर्गापूजा. म्हणजे २०२३ चाच पेच जसाच्या तसा समोर येणार आहे, आणि या वेळी दोन देशांत. ईदसारखा चंद्रदर्शनावर ठरणारा सण एका दिवसानं मागेपुढे होतो, त्यासाठी दोन तारखा मोकळ्या ठेवाव्या लागतात. बाकी सगळं आजच मांडता येतं. क्रिकेट मंडळानं शहरं निवडतानाच तिथल्या पोलीस आयुक्तांकडून आणि महापालिकेकडून त्या दोन महिन्यांतले नको असलेले दिवस लेखी मागवावेत, ती यादी वेळापत्रकाबरोबर लोकांसमोर ठेवावी, आणि वेळापत्रक किमान वर्षभर आधी छापावं. आपल्यापैकी जे जिल्हा आणि राज्य संघटनांत काम करतात, त्यांनी ही मागणी आपल्या पुढच्या सभेत मांडावी, अशी माझी विनंती आहे. ठरावाचा मसुदा मी सोबत आणला आहे.