उतारा नाही, उपचार आहेत

हे लेबल जवळून बघा. उसाच्या सरीतलं तण जाळणाऱ्या पॅराक्वाटची बाटली आहे. बारीक अक्षरांत छापलंय : ‘विशिष्ट उतारा नाही. लक्षणांनुसार उपचार करावेत.’ पहिले तीन शब्द ऐकले की घरच्यांचा धीरच सुटतो. आम्हाला बोलायचंय ते पुढच्या तीन शब्दांबद्दल.

हे तणनाशक पोटात गेलेला पन्हाळा, राधानगरी, कागलकडचा पेशंट १०८ नं कोल्हापुरात येतो. सीपीआरला, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, नाहीतर एखाद्या खासगी इस्पितळात. निघण्याआधी घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा खटाटोप झालेला असतो. कृपा करून हे करू नका. हे विष पोटात जाताना घसा भाजतं, तसंच वर येतानाही भाजतं. सोबत आणायची ती बाटली. डॉक्टरांना आधी तिचं नाव लागतं.

दवाखान्यात कपडे उतरवून साबणाच्या पाण्यानं अंग धुतात. पेशंट लवकर पोचला असेल, तर विष धरून ठेवणारा औषधी कोळसा पाण्यात कालवून देतात. लघवीच्या नमुन्यात सोडियम डायथायोनाइट घालतात. नमुना निळा झाला, की पॅराक्वाट अंगात भिनलंय हे कळतं.

मग सुरू होते राखण. सलाईन, रक्तदाब, वेदनेवर औषध. दर तासाला सिस्टर खाटेखाली वाकून लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचतात आणि तक्त्यावर लिहितात. तो आकडा घसरला, तर मूत्रपिंडांवर ताण आलाय. वेळ पडली तर डायलिसिस.

एक गोष्ट नातेवाइकांना पटता पटत नाही : ऑक्सिजन का लावत नाहीत? पॅराक्वाट फुफ्फुसांत साठतं आणि जादा ऑक्सिजन मिळाला की तिथली इजा वाढवतं. म्हणून रक्तातला ऑक्सिजन फारच उतरला तरच तो देतात.

सगळ्यात फसवा असतो दुसरा दिवस. पेशंट उठून बसतो, बोलतो, जीभ सोलली आहे एवढंच. “आता घरी सोडा” म्हणतो, आणि काही घरचे सही करून नेतातही. मूत्रपिंडांचा त्रास त्यानंतर दिसू लागतो. फुफ्फुसं आखडायला तर आठवडा-दोन आठवडे जातात. विष जास्त गेलं असेल, तर सगळं करूनही माणूस हाती लागत नाही, हे आम्ही लपवणार नाही. पण थोडं गेलेला माणूस याच राखणीवर तगू शकतो.

जाणूनबुजून प्यायलेल्या पेशंटजवळ मानसोपचाराचे डॉक्टरही स्टूल ओढून बसतात. घाई न करता विचारतात, “काय झालं होतं?” बाटलीपर्यंत हात जायच्या आधी हेच बोलायचं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६. दिवसा-रात्री कधीही, मराठीत.