वरच्या ओळीतले शब्द

नमस्कार श्रोतेहो. हाताशी पेन्सिल-कागद असेल तर घ्या. गॅसपाशी उभ्या असाल, हात पिठाचे असतील, तर राहू द्या, बोटांवर मोजलं तरी भागेल. आज आपल्याला इंग्रजी शब्दांतली अक्षरं मोजायची आहेत. अक्षरं मोजायची आणि मग अर्थ विचारायचा. हा क्रम लक्षात ठेवा. आधी अक्षरं, मग अर्थ.

टाइपरायटरवर अक्षरांच्या कळांच्या तीन ओळी असतात. वरची ओळ अशी: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय, यू, आय, ओ, पी. दहा अक्षरं. तुमच्या मोबाइलवर इंग्रजी लिहिताना हीच ओळ वर दिसते. अमेरिकेत मिलवॉकी गावच्या ख्रिस्तोफर शोल्सनं आणि त्याच्या सोबत्यांनी 1868 मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं, 1874 मध्ये रेमिंग्टननं ते बाजारात आणलं, आणि दीडशे वर्षांत ही ओळ कुणी हलवू शकलं नाही. इंग्रजीत स्वर पाच. त्यांतले चार या वरच्या ओळीत आहेत. मधल्या ओळीत फक्त ए. खालच्या ओळीत एकही नाही, म्हणून खालच्या ओळीत धड शब्दच होत नाही. वर चार, मध्ये एक, खाली शून्य. लांब शब्द शोधायचा तर वरच्या ओळीतच शोधायला हवा.

हे मला कसं कळलं, ते सांगतो.

1984 चा पावसाळा. मॅट्रिक झालो होतो, आणि तालुक्याच्या गावी किराणा दुकानाच्या माडीवर टायपिंगचा क्लास लावला होता. बारा यंत्रं, एक बाक, खिडकीशी गळकं पत्र्याचं पन्हाळं. सर कोर्टातून निवृत्त झालेले टायपिस्ट. त्यांच्या उजव्या अंगठ्याला स्पेसबारचा घट्टा पडला होता. बोटांकडं बघितलं की पाठीत पट्टी बसायची, नजर कागदावरच हवी. दहाही बोटांनी टाइप करायला शाळेत पाचवीपासून शिकवायला हवं, असं माझं आजही ठाम मत आहे. मुलं दोन अंगठ्यांनी आख्खं पत्र लिहितात, ते बघून मला खरोखर वाईट वाटतं.

तर त्या दिवशी दुपारी धो धो पाऊस आला आणि लाइट गेली. आमच्या यंत्रांना लाइट कुठं लागत होती? पण माझं यंत्र खिडकीजवळचं. पाण्याचे शिंतोडे उडून त्याची ए ची काडी अडकली. दाबली की वर यायची आणि रिबनपाशी तशीच उभी राहायची. मी हात वर केला. सर आले, काडी बोटानं खाली ढकलली, ती पुन्हा अडकली. म्हणाले, "राहू दे. ए मधल्या ओळीत आहे. तू वरच्या ओळीवर काम कर." मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, "सगळेच करा. फक्त वरची ओळ. पंधरा मिनिटं. सगळ्यांत लांब शब्द कोण काढतो बघू."

खडखडाट थांबला. बारा यंत्रं गप्प, वर पत्र्यावर पाऊस. मी क्वाएट काढला, पाच अक्षरं. एकानं पोएट्री काढला, सहा. कुणीतरी प्रॉपर्टी म्हणालं, आठ. एकाला टेरिटरी सापडला, नऊ, आणि तो जिंकल्यासारखा मागं रेलून बसला.

कोपऱ्यातल्या यंत्रावर एक मुलगी होती. तिच्या घरची पिठाची गिरणी. एरवी ती सहानंतर यायची, कारण दुपारी डब्यांची रांग तिला सांभाळावी लागायची. त्या दिवशी लाइट गेल्यामुळं गिरणी बंद, म्हणून ती आमच्या वेळेला आली होती. तिच्या भुवयांवर पीठ तसंच होतं. तिनं एकेक कळ दाबत शब्द पुरा केला आणि कागद सरांपुढं धरला. पी, आर, ओ, पी, आर, आय, ई, टी, ओ, आर. प्रोप्रायटर. दहा अक्षरं.

सरांनी विचारलं, "कुठं मिळाला गं हा?"

"आमच्या गिरणीत काट्याच्या वर लायसन टांगलंय, त्यावर आहे, सर. रोज समोरच असतो."

"अर्थ काय?"

तिला अर्थ माहीत नव्हता. म्हणाली, "बाहेरच्या पाटीवर बाबांच्या नावाआधी प्रो. प्रा. लिहिलंय. मला वाटायचं, श्री. लिहितात तसंच असेल."

आपण सगळ्यांनी दुकानांच्या पाट्यांवर ते प्रो. प्रा. बघितलंय. सर म्हणाले, "प्रोप्रायटर म्हणजे मालक. गिरणी तुझ्या वडिलांच्या मालकीची आहे, असं सरकारनं लिहून दिलंय."

ती काही बोलली नाही. जागेवर जाऊन बसली, कोरा कागद चढवला, वडिलांचं पूर्ण नाव टाइप केलं, स्वल्पविराम दिला आणि पुढं प्रोप्रायटर. कागद काढताना रोलरचा कर्र आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. क्लासचे कागद मोजून मिळायचे, घरी न्यायची परवानगी नव्हती. सरांनी तो कागद स्वतः घडी घालून तिच्या हातात दिला.

मग त्यांनी आमची फीची कार्डं वर करायला लावली. प्रत्येक कार्डावर छापलेलं होतं, टाइपरायटर नंबर अमुक. म्हणाले, "मोजा." टी, वाय, पी, ई, डब्ल्यू, आर, आय, टी, ई, आर. दहा. सगळी वरच्या ओळीतली. तीन महिने ते कार्ड आमच्या खिशात होतं, आणि आम्ही पोरं छताकडं बघत शब्द शोधत होतो.

वेळ बराच गेला, आता भराभर सांगतो. वरच्या ओळीत दहा अक्षरांचे आणखी दोन सुंदर शब्द आहेत. एक रेपर्ट्वार. गवयाच्या गळ्यात तयार असलेल्या चिजांचा साठा, तो रेपर्ट्वार. दुसरा पर्पेच्युइटी, म्हणजे कायमचं, न संपणारं. आपल्या जुन्या इनामपत्रांत "यावच्चंद्रदिवाकरौ" असतं ना, चंद्रसूर्य आहेत तोवर, तेच. एका अक्षरानं लांब शब्दही आहे, रप्चरवर्ट, अकरा अक्षरं. ही एक वनस्पती. वर्ट म्हणजे जुन्या इंग्रजीत झाडपाला, रप्चर म्हणजे हर्निया. हर्नियावर ती गुणकारी समजत, म्हणून हे नाव. मधल्या ओळीत मात्र अल्फाल्फा. शेतकरी बंधूंनो, आपला लसूणघास. जनावरांच्या दावणीतला शब्द, सात अक्षरं.

हातांचंही बघा. मोनोपॉली, म्हणजे मक्तेदारी, सगळा उजव्या हातानं टाइप होतो. स्ट्यूअर्डेसेस, विमानातल्या सेविका, बारा अक्षरं, सगळी डाव्या हाताची.

बुककीपर, हिशेब लिहिणारा दिवाणजी. त्यात डबल ओ, लगेच डबल के, लगेच डबल ई. तीन जोड्या, मध्ये फट नाही. ॲब्स्टीमियस, म्हणजे खाण्यापिण्यात संयम ठेवणारा, यात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर याच क्रमानं आणि एकेकदाच येतात. अनकॉपीराइटेबल, म्हणजे ज्यावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही असं. अक्षरं पंधरा, आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही.

आकडे मी मराठीतच सांगतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. घरात मुलांशी तसंच बोला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मुलं अडखळतात, अडखळू द्या, पण फिफ्टीनाइनची पळवाट देऊ नका.

शेवटी टायपिंगच्या प्रत्येक क्लासातलं ते वाक्य. द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग. चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो. पस्तीस अक्षरांत इंग्रजीची सव्वीसच्या सव्वीस येतात. यात जम्प्स हवं, जम्प्स. पुष्कळजण जम्प्ड लिहितात आणि एस हरवतो, कारण वाक्यात दुसरा एस कुठंच नाही. आमचे सर लाल पेन्सिलीनं पहिल्यांदा तेच तपासायचे.

आता मोबाइल उघडा, वरची ओळ बघा आणि प्रॉपर्टीपासून सुरुवात करा. नमस्कार.